बोलायला जमत नाही, काम जमतं. अशा माणसाने नेटवर्किंग करायचं कसं?

मायक्रॉन_कराड

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची कराडची. आधी मेकॅनिकल डिप्लोमा मग डिग्री, आणि गेली ६ वर्षं चाकणला एका टियर टू कंपनीत (गाड्यांच्या कंपन्यांच्या सप्लायरला पार्ट पुरवणाऱ्या) क्वालिटीला आहे. इनकमिंगपासून फायनल इन्स्पेक्शनपर्यंत सगळं करून झालंय, पीपीएपीच्या फाईली (नवीन पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायच्या), एट डी (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट), कस्टमर ऑडिट, रात्री दीड वाजता कस्टमरच्या लाईनवर जाऊन सॉर्टिंग पण केलंय. आता मला सप्लायर क्वालिटीकडे जायचंय, म्हणजे पाच-सहा व्हेंडरकडे जाऊन त्यांची प्रोसेस सुधारायची ते काम. अप्रेझलला साहेब म्हणाले तुझं काम चांगलंय पण कंपनीच्या गेटबाहेर तुला कोणी ओळखत नाही, नेटवर्किंग वाढव.

म्हणून गेल्या महिन्यात पुण्यात इंडस्ट्रीवाल्यांचा एक मोठा कार्यक्रम होता तिथे रजा टाकून गेले. दोनशेच्या वर माणसं असतील. चहाच्या वेळी सगळे घोळक्या घोळक्याने उभे, मी कप घेऊन एका घोळक्यापाशी उभी राहिले, दहा मिनिटं ऐकलं, मग दुसऱ्या. घरी आले तेव्हा पर्समध्ये २३ कार्डं होती. सगळ्यांना मेसेज केले, दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने इन्शुरन्सची माहिती पाठवली. त्या रात्री खूप वाईट वाटलं खरं सांगते.

आता माझ्याकडे काय आहे तर, मला नीट ऐकून घेता येतं. ऑपरेटर लोक ड्रॉइंग कळलं नाही की माझ्याकडेच येतात कारण मी घाई करत नाही. लिहिता चांगलं येतं, कस्टमरकडचे एक सर होते ते म्हणायचे तुझा एट डी वाचला की परत फोन करून विचारावं लागत नाही. आणि लक्षात राहतं, कुठल्या पार्टला कधी काय झालं होतं ते. पण हे सगळं घेऊन अनोळखी माणसासमोर उभं राहून सांगायचं काय?

आणि दुसरं म्हणजे कामापुरती ओळख काढणं मला आतून पटत नाही. चार वर्षांनी कुणाला फोन केला की तो माणूस मनात म्हणणारच ना, हिला आता काहीतरी हवंय. तुम्ही लोकं हे कसं करता? खरंच विचारतेय.

चिंचवड_मेंटेनन्स

सेम प्रॉब्लेम, फक्त मी मेंटेनन्सला. उत्तरं वाचायला थांबलोय.

भोसरीकर_काका

बेटा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी ३१ वर्षं टूलरूम आणि फिक्श्चरच्या (पार्ट जागेवर घट्ट धरायच्या साधनांच्या) कामात आहे, त्यातली शेवटची १४ स्वतःच्या छोट्या शॉपमध्ये. एक गोष्ट सांगतो, जरा तपशिलात सांगतो कारण तू क्वालिटीची आहेस, तुला मजा येईल.

तेव्हा मी नोकरीत होतो. ॲल्युमिनियमचं हाऊसिंग, १५० मिमीचा बोअर म्हणजे आतलं गोल भोक, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक एकूण ४० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). आमच्याकडे सगळे जॉब म्हणजे बनवलेले पार्ट पास आणि कस्टमरकडे गेले की अंडरसाईज म्हणून परत. तीन वेळा गाडी परत आली. दोन्हीकडचे मोठे साहेब फोनवर एकमेकांवर आवाज चढवायला लागले. मला बोलता येत नव्हतं, इंग्रजी तर नव्हतंच, मीटिंगमध्ये मी मागे भिंतीला टेकून उभा. पण हाताखालून इतके जॉब गेलेले होते की एक गोष्ट डोक्यातून जाईना, मे महिना होता, आमच्या शॉपमध्ये ३२ डिग्री आणि त्यांच्या सीएमएम (मोजमापाचं मशीन) रूममध्ये २०. मोजमापाचं जगभरचं ठरलेलं तापमान २० डिग्रीच, ड्रॉइंगवरचा आकडा त्या तापमानाचा असतो. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. आम्ही बोअर गेज (भोक मोजायचं साधन) ठरलेल्या मापाच्या स्टीलच्या रिंगवर सेट करायचो, म्हणजे जॉब जास्त फुगलेला आणि रिंग कमी. १२ डिग्रीच्या फरकात त्या बोअरला वीसेक मायक्रॉनचा घोळ तिथेच झाला, टॉलरन्सच्या निम्मा!

मीटिंगमध्ये हे बोलायची हिंमत झाली नाही. पण त्यांच्याकडे इन्स्पेक्शनला एक माणूस होता, माझ्यासारखाच गप्प. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, मी उद्या पाच जॉब आणि आमची रिंग घेऊन येतो, रात्रभर तुमच्या रूममध्ये ठेवू, सकाळी दोघं मिळून मोजू. तो हो म्हणाला. सकाळी दोघांचे आकडे दोन-तीन मायक्रॉनात जुळले. त्याने त्याच्या साहेबांना सांगितलं, मी माझ्या. आमचा सेटिंग साईज बदलला, विषय संपला.

त्या माणसाने पुढे चार कंपन्या बदलल्या. चारही ठिकाणहून त्याचा मला फोन आलाय, काका हे असं होतंय बघायला येता का. मी स्वतःचं शॉप टाकलं तेव्हा पहिली फिक्श्चरची ऑर्डर त्याच्याकडून. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होतो. मी त्याला कार्ड कधीच दिलं नाही, माझ्याकडे तेव्हा कार्डच नव्हतं.

तू त्या हॉलमध्ये गेलीस तिथे तुझं काम कुणालाच दिसत नव्हतं. तुझं काम दिसतं ते पार्ट हातात असताना. मग आधी त्या लोकांकडे जा ज्यांनी तुला पार्ट हातात घेतलेलं बघितलंय. ते एट डी वाचणारे सर आता कुठे आहेत?

मायक्रॉन_कराड

काका, वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडेही मे महिन्यात बोअरची रडगाणी असतात. ते सर दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीत गेले, रांजणगावला. नंबर आहे, पण दोन वर्षांत एकदाही फोन केला नाही, दिवाळीचा मेसेज पण नाही. आता कुठल्या तोंडाने करू असं होतं.

नेकरकाठची

हॅलो, मी श्टुटगार्टजवळ राहते, ९ वर्षं झाली, मूळची सांगलीची. तुझ्यासारखीच शांत आहे म्हणून लिहितेय.

इथे आले तेव्हा जर्मन कामापुरतं होतं. इथल्या इंजिनिअरांची एक जुनी संघटना आहे, फाऊडेइ म्हणतात, १८५६ पासूनची, तिची गावोगावी मंडळं आहेत आणि संध्याकाळी कुणाचं तरी टेक्निकल व्याख्यान असतं, नंतर लोकं उभ्या उभ्या गप्पा मारतात. मला त्या गप्पा झेपायच्या नाहीत, वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. पण माझा चित्राचा हात बरा आहे, लहानपणापासून. एकदा क्लॅम्पिंगवर चर्चा चालली होती आणि दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं बोलतायत हे मला दिसत होतं, मी वहीत स्केच काढलं आणि मध्ये धरलं, विचारलं हे असं की हे असं? ती वही टेबलावर गेली आणि पुढचा अर्धा तास सगळे त्या कागदावर पेन घेऊन ओणवे. त्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी जाताना तो कागद मागून घेतला. पुढच्या महिन्यात त्यांनीच मला हाक मारली. दोन वर्षं ते मला 'झी' म्हणजे आपल्याकडचं अहो-जाहोच करत होते, मग एक दिवस म्हणाले आता 'डू' म्हणूया. इथे ते फार मोठं असतं. माझ्या आत्ताच्या नोकरीचं पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं.

फोन करायला संकोच वाटतोय त्याबद्दल. ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं, ज्याच्याकडून कळलं त्या माणसाला तुम्ही कितीदा भेटत होता. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांच्यातले फक्त १६.७ टक्के नेहमी भेटणाऱ्याकडून, ५५.६ टक्के अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि २७.८ टक्के तर वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्याकडून. नमुना लहान होता, बॉस्टनजवळच्या एका गावातला. पण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या जवळपास २ कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवर तेच तपासलं गेलं, तो पेपर सायन्समध्ये आला. त्यात निघालं की मध्यम पातळ ओळखी सगळ्यात उपयोगी, अगदी परके नाहीत आणि अगदी घरचेही नाहीत असे लोक. तुझे ते सर नेमके त्यातले. आणि त्या पेपरमधली एक गोष्ट फार कुणी सांगत नाही, सॉफ्टवेअरसारख्या डिजिटल धंद्यात पातळ ओळखी जास्त चालल्या पण जिथे काम कमी डिजिटल आहे तिथे घट्ट ओळखी जास्त चालल्या. मला वाटतं काकांनी जे सांगितलं ते यालाच धरून आहे. म्हणून २३ कार्डांचं दुःख करू नकोस. तुझ्या कामात खोल ओळखी चार असल्या तरी खूप.

फोनवर काय बोलायचं हा प्रश्न असेल तर तुझी आठवण चांगली आहे ना, तीच वापर. "सर तो अमुक पार्टचा पोरोसिटीचा (धातूतल्या बारीक छिद्रांचा) प्रॉब्लेम आठवतो का, तुम्ही तेव्हा सांगितलेलं मी परवा वापरलं." दोन वर्षांनी कुणी आपलं वाक्य लक्षात ठेवून सांगितलं तर कुणाला आवडणार नाही? आणि हे खोटं नाहीये, तुला खरंच आठवतंय.

एका_जागी_नऊ_वर्षं

सगळं छान आहे पण दुसरी बाजू कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितोय, ताई तुम्ही नाराज होऊ नका.

मी ९ वर्षं एका कंपनीत पीपीसीला (प्रॉडक्शन प्लॅनिंगला) होतो. माझं एक्सेल चांगलं. अख्ख्या प्लांटच्या शीट मी बनवल्या, स्टोअरचं स्टॉकचं, डिस्पॅचचं, एचआरचं ओव्हरटाईमचं सुद्धा. कुणी रात्री अकराला फोन केला तरी उचलला. सगळे म्हणायचे तुझ्याशिवाय पान हलत नाही. वरची जागा निघाली तेव्हा बाहेरून माणूस आणला, एका साहेबांच्या कॉलेजचा. एकानेही माझं नाव घेतलं नाही. मी कंपनी सोडल्यावर त्यातल्या दोघांचे फोन आले, शीटचा पासवर्ड विचारायला.

म्हणजे नुसतं कामातून माणसं जोडली जातात हे मला पटत नाही. आपल्याकडे गाववाला, कॉलेजवाला, पाहुणा यातच अर्ध्या जागा भरतात. चांगल्या स्वभावाचा फायदा घेतात लोकं.

भोसरीकर_काका

तुमचं दुखणं खरं आहे आणि असं झालेली माझ्या बघण्यात पाच-सात माणसं आहेत, तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. एक फक्त विचारतो, रागावू नका. तुम्हाला ती वरची जागा हवी आहे हे त्या सगळ्यांतल्या कुणाला कधी सांगितलं होतं का?

एका_जागी_नऊ_वर्षं

नाही काका. मला वाटलं दिसतंय त्यांना.

(थोडं थांबून लिहितोय.) खरं तर बायकोलाही निकाल लागल्यावरच सांगितलं होतं की मी त्या जागेकडे डोळे लावून होतो.

ताम्हण_नाशिक

या दोघांच्या बोलण्यातच सगळं आलंय असं मला वाटतं, म्हणून मध्ये येतेय. मी नाशिकला अकाउंट्स आणि जीएसटीचं काम करते, स्वतःची प्रॅक्टिस, १२ वर्षं.

दादा, तुम्ही दिलंत भरपूर पण त्यांना तुमच्यासाठी काही करता येईल अशी जागाच ठेवली नाहीत. मागायची लाज वाटते आपल्याला, मी पण अशीच होते. मागितलं की समोरच्याला पण बरं वाटतं हो, त्याला पण कुणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं. आणि जो नुसता घेतच राहतो तो पण मागितल्यावर कळतो, मग त्याची शीट बनवायला पुढच्या वेळी आपल्याकडे वेळ नसतो. रात्री अकराचा फोन मी आता कुणाचाच घेत नाही, रिटर्नची शेवटची तारीख असली तरच.

कराडच्या ताई, तुम्ही ज्या हॉलमध्ये गेलात तसल्या ठिकाणांबद्दल थोडं. धंदा करणाऱ्यांचे जे गट असतात त्यांचा हिशोब वेगळा असतो. बीएनआय १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, त्यात एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच माणूस आणि दर आठवड्याला भेट. आपल्याकडे मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब काढला. मी अशा गटात आहे आणि मला उपयोग झालाय कारण मी सेवा विकते, दर आठवड्याला तीच माणसं भेटतात म्हणून हळूहळू विश्वास बसतो. पण नोकरीतल्या माणसाला तिथे विकायला काय आहे? तुम्ही तिथे जाऊन हिरमुसल्या यात तुमचा काहीच दोष नाही, ती जागा तुमची नव्हती.

तुमची जागा म्हणजे जिथे केस मांडायची असते. क्वालिटी सर्कल फोरमचा पुण्यात चॅप्टर आहे, तिथे कंपन्यांच्या टीम येऊन आपापल्या सुधारणांच्या केस स्टडी मांडतात, ऑपरेटर सुद्धा स्टेजवर येऊन मराठीत बोलतात. मराठा चेंबर पुण्यात १९३४ पासून आहे, त्यांचे क्वालिटीचे ट्रेनिंग प्रोग्रॅम असतात, वीस-पंचवीस माणसं दिवसभर एकत्र. माझे मिस्टर एका कारखान्यात आहेत, ते अशा एका प्रोग्रॅमला गेले होते, त्यातल्या चार जणांशी अजून बोलणं आहे. तुम्हाला लिहिता येतं ना, मग एखादी एट डी कंपनीची परवानगी घेऊन, पार्ट नंबर कस्टमरचं नाव काढून, केस म्हणून मांडा. मग तुम्हाला कुणाकडे जावं लागत नाही, ज्याला तो प्रॉब्लेम आहे तो चहाचा कप घेऊन तुमच्याकडे येतो.

माझं स्वतःचं सांगायचं तर मला बोलता येतं पण त्यापेक्षा मला कुणाला कोण उपयोगी पडेल हे पटकन सुचतं. पॅकिंगवाला आणि मसालेवाली, असं. मी जुळवून देते. त्यातही मी एक पथ्य पाळते, दोघांना आधी वेगवेगळं विचारते, तुमचा नंबर देऊ का. न विचारता नंबर वाटले तर लोकं नंतर फोन उचलत नाहीत. आणि कुणाला जोडून देताना एक ओळ लिहिते, या बाईंचं पॅकिंग पावसाळ्यात ओलं होतं आणि या भाऊंनी तसलंच काम चिपळूणला केलंय. नुसतं "दोघे बोलून घ्या" लिहिलं की कुणी बोलत नाही.

चिंचवड_मेंटेनन्स

ताई हे "बोलून घ्या" अगदी खरं आहे, माझ्या फोनमध्ये असे आठ-दहा ग्रुप पडलेत.

मायक्रॉन_कराड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगायला आलेय.

नेकरकाठच्या ताईंनी सांगितलं तसं पोरोसिटीच्या गोष्टीवरून त्या सरांना फोन केला. रविवारी सकाळी केला, आधी मेसेज टाकून विचारलं. सर ४० मिनिटं बोलले! त्यांना पण तो पार्ट आठवत होता, गाडी किती वाजता आली होती ते सुद्धा. मग बोलता बोलता निघालं की त्यांच्या एका व्हेंडरकडे नवीन गेजिंग फिक्श्चर आलंय आणि गेज आर अँड आर (तोच पार्ट वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा मोजला तर मोजण्यातच किती फरक पडतो ते) ३४ टक्के येतोय. १० च्या आत पाहिजे, ३० पर्यंत चालवून घेतात, ३४ म्हणजे ते गेज वापरूच शकत नाही. मी म्हटलं शनिवारी मला सुट्टी आहे, मी येऊन बघू का. आमच्या साहेबांना पण विचारून घेतलं, त्या व्हेंडरचं आणि आमचं काम एकमेकांच्या आड येत नाही, ते जा म्हणाले.

शनिवारी दिवसभर तिथे होते. मी काहीच केलं नाही, तीन ऑपरेटरच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि बघत राहिले, मधून मधून विचारलं हे असं का करताय. तिघं क्लॅम्प वेगवेगळ्या जोराने आवळत होते आणि एक दादा पार्ट उलट्या बाजूने सरकवून टेकवत होते कारण त्यांच्या उंचीला तसं सोपं जातं. त्यांना हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. दोन पानांचं लिहून सरांना दिलं, स्टॉपरची जागा आणि क्लॅम्पला टॉर्क लिमिट. मंगळवारी सरांचा मेसेज, १८ वर आला.

आणि दादांनी, नऊ वर्षंवाल्या दादांनी जे लिहिलं ते डोक्यात होतं. तुम्ही ते इथे सांगितलंत म्हणून मला जमलं, खरंच. निघताना मी सरांना स्पष्ट सांगितलं, सर मला सप्लायर क्वालिटीला यायचंय, आत्ता जागा नसेल तरी चालेल पण तुम्हाला माहीत असू दे. बोलताना हात थंड पडले होते. सर म्हणाले मला वाटत होतं तू आहे तिथे खूश आहेस. त्यांच्याकडे सध्या जागा नाही पण त्यांच्या जुन्या कलीगशी बोलणं करून दिलं, आधी मला विचारून. त्या मॅडम ॲल्युमिनियम व्हेंडर बघतात, पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे एका बोअरचा वाद आहे तो बघायला बोलावलंय, त्यांच्या रूममध्ये आणि व्हेंडरकडे आकडा जुळत नाही. काका, तुमचीच गोष्ट!

एकच विचारायचं होतं, रिंग आणि जॉब रूममध्ये किती वेळ ठेवायचे?

एका_जागी_नऊ_वर्षं

ताई, वाचून फार बरं वाटलं. मी पण काल एका जुन्या डिस्पॅचवाल्या मित्राला फोन केला आणि सांगितलं की प्लॅनिंग हेडची जागा कुठे असेल तर बघ. तो म्हणाला अरे आधी बोलायचंस की.

भोसरीकर_काका

१५० च्या आसपासचा ॲल्युमिनियम असेल तर रात्रभर ठेव, घाई करू नको. दोन्ही एकाच ग्रॅनाईटच्या टेबलवर शेजारी शेजारी, एसीच्या झोताखाली नको, आणि मोजताना हातमोजे घाल, तळहाताच्या उबेने पण आकडा सरकतो. व्हेंडरचा जो माणूस मोजतो त्याला तिथे घेऊन ये, आकडा त्याच्या हातून येऊ दे.

शुक्रवारी भोसरीला येऊन गेलीस तर माझ्याकडची जुनी सेटिंग रिंग आहे, कॅलिब्रेशन या वर्षीचंच आहे, ती घेऊन जा. आणि त्या चिंचवडच्या मेंटेनन्सवाल्याला पण ये म्हणावं, माझ्या सरफेस ग्राइंडरचा स्पिंडल आवाज करतोय.

चिंचवड_मेंटेनन्स

काका, शुक्रवारी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी दहाला येतो. बेअरिंगचा नंबर आधी पाठवून ठेवा.